‘त्यांनी’ म्हणजे नेमके कोणी?

ठाण्यात कोर्ट नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी कामाची खोली आहे. गेली सतरा वर्षे मी तिथे बसून मराठी न्यायालयीन कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करते. खालच्या न्यायालयांत साक्षीपुरावा मराठीत नोंदवला जातो आणि उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. त्यामुळे अपील मुंबईला गेले की फिर्याद, पंचनामे, सरतपासणी, उलटतपासणी, वैद्यकीय कागद असे सगळे बाड आधी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येते. बाहेरच्या माणसाला वाटते की या कामात ‘मुद्देमाल’, ‘दोषारोपपत्र’ असले शब्द अडवत असतील. ते अजिबात अडवत नाहीत, कारण त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द कधीच ठरून गेले आहेत आणि महिन्याभरात ते तोंडपाठ होतात. अडवतात ते ‘ते’, ‘त्यांनी’, ‘आपण’ आणि ‘म्हणे’ हे शब्द, जे शाळेत जाण्याआधीच मुलाच्या तोंडी असतात. गेल्या पावसाळ्यात आलेले एक प्रकरण या शब्दांभोवतीच फिरत होते आणि काम देऊन इतके दिवस झाले तरी ते माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

घटना २०१९ सालची, नवी मुंबईतल्या एका गावठाणातल्या भाड्याच्या खोलीतली. कोल्हापूर जिल्ह्यातून लग्न होऊन आलेली एक बाई, तिचा नवरा, आणि त्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहणारा तिचा थोरला दीर. एका रात्री भांडण झाले, बाईच्या डोक्यात लोखंडी बत्ता बसला आणि कवटीला तडा गेला. ती वाचली. गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ आणि ३४ खाली दाखल झाला, म्हणजे खुनाचा प्रयत्न आणि तोही दोघांनी समान उद्देशाने केलेला. खालच्या न्यायालयात दोघांनाही शिक्षा झाली. दिराने अपील केले आणि त्याच्या वकिलांच्या कार्यालयातून बाड माझ्याकडे आले. सोबत आधीच्या कोणा भाषांतरकाराने केलेले इंग्रजी होते आणि ‘यावर फक्त नजर टाकून शिक्का द्या’ असा निरोप होता. मी दुसऱ्याच्या भाषांतरावर शिक्का देत नाही, त्यामुळे मूळ मराठी उघडले.

फिर्यादी बाईच्या सरतपासणीतली, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेल्या तिच्या साक्षीतली, महत्त्वाची चार वाक्ये अशी होती: ‘भावजी मधे आले. त्यांनी धरले. त्यांनी बत्ता घेऊन डोक्यात घातला. मी खाली पडले.’ आधीच्या भाषांतरात दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याचा कर्ता ‘दे’ असा, म्हणजे अनेकवचनी केला होता. इंग्रजी वाचणाऱ्या न्यायमूर्तींसमोर त्याचा अर्थ असा उभा राहतो की दोघांनी मिळून तिला धरले आणि दोघांनी मिळून मारले. मराठी वाचणाऱ्याला मात्र लगेच थांबावे लागते, कारण ‘त्यांनी’ म्हणजे दोघांनी, की एकट्या दिराने, की एकट्या नवऱ्याने? तिन्ही अर्थ निघतात. सुनेच्या तोंडी नवराही ‘ते’ आणि थोरला दीरही ‘ते’.

आपल्या व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणासारख्या ग्रंथांतून ते शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचले आणि आपण ते एका ओळीत शिकून मोकळे झालो. मला मात्र ते घराचा नकाशा दाखवणारे वाटते. आपल्या बहुतेक घरांत बाबा ‘आले’ आणि आई ‘आली’. आईला ‘अगं’, वडिलांना ‘अहो’. मोठ्या दिराला ‘अहो भावजी’, धाकट्याला अनेक घरांत ‘अरे’. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून ‘हे’ या दर्शक सर्वनामाचेच नाव झाले, आणि ते नाव घेण्याची वेळ आलीच तर त्यासाठी उखाणा नावाचा सबंध काव्यप्रकार बायकांनी रचला. या नात्यांचा दर्जा क्रियापदाच्या शेवटाशी जाऊन बसलेला आहे. माणूस मनात आदर बाळगो की न बाळगो, वाक्य पुरे करायचे तर ‘आला’ की ‘आले’ हे ठरवावेच लागते. मधला, कोणताच दर्जा न सांगणारा पर्याय भाषेने ठेवलेला नाही. जावानी भाषेत याहून पुढची पायरी आहे. तिथे समोरच्याच्या दर्जाप्रमाणे न्गोको आणि क्रोमो अशा दोन मुख्य थरांतून शब्द निवडावे लागतात आणि नेहमीच्या शब्दांपैकी कितीतरी बदलतात. इंग्रजीने उलटी वाट धरली. तिच्याकडेही ‘दाऊ’ हा एकेरी शब्द होता, तो प्रमाण बोलीतून गेला आणि राजाला व भिकाऱ्याला एकच ‘यू’ उरला.

म्हणून जिने डोके फुटल्याचे सांगितले, तिनेच ते फोडणाऱ्याला बहुवचन दिले. हे वाचताना मला दर वेळी त्रास होतो. तिला नवऱ्याबद्दल आदर होता असा अर्थ त्यातून काढता येत नाही. तिच्या बोलीत विवाहित बाईला नवऱ्याबद्दल वेगळे बोलण्याची सोयच नव्हती. साक्षीत एका ठिकाणी न्यायालयाने नोंद केली आहे की साक्षीदार पतीचे नाव सांगण्यास संकोच करते आणि आरोपी क्रमांक एककडे बोट दाखवते. ते बोट त्या एका प्रश्नापुरतेच उपयोगी पडले, पुढच्या सगळ्या ‘त्यांनीं’ना कोणी बोट लावून घेतले नाही. अलीकडे येणाऱ्या साक्षींत तिशीच्या आतल्या बायका सरळ ‘तो’ आणि ‘त्याने’ म्हणतात, नवऱ्याचे नाव घेतात, आणि त्यांच्या साक्षींचे भाषांतर मला निम्म्या वेळात करता येते. बायकांनी नवऱ्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली म्हणून फौजदारी पुरावा अधिक स्पष्ट झाला, हे मी माझ्या टेबलावर पाहिलेले आहे.

दुसरी अडचण अशी की साक्षीतली मराठी मुळात तिची नव्हतीच. कोल्हापूरकडच्या अनेक बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. ती त्यांची सहज बोली आहे, आणि पुण्यामुंबईच्या लोकांनी तिला हसावे असे तिच्यात काही नाही. या बाईच्या साक्षीत सगळीकडे ‘मी गेले’, ‘मी ओरडले’, ‘मी पडले’ असे होते आणि एकाच ठिकाणी ‘मी आत गेलो’ राहून गेले होते. त्या एका ‘गेलो’वरून मला कळले की टंकलेखकाने उरलेली सगळी वाक्ये सुधारून घेतली आहेत. साक्षीदार एका बोलीत बोलतो, न्यायालय ते ऐकून आपल्या मराठीत सांगते, टंकलेखक आणखी प्रमाण करतो आणि शेवटी मी ते इंग्रजीत नेते. या प्रवासात कोणी खोटेपणा करत नाही, पण प्रत्येक जण वाक्य थोडे ‘नीट’ करतो.

फिर्यादीत तर याहून वाईट होते. फिर्याद दवाखान्यात, डोक्याला टाके असलेल्या बाईच्या खाटेजवळ बसून नोंदवलेली होती आणि तरीही तिची भाषा ठाणे अंमलदाराच्या कायमच्या साच्यातली होती: ‘माझे दीर यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले व माझे पती यांनी शिवीगाळ, दमदाटी करून…’ मी अशा हजारो फिर्यादी वाचल्या आहेत. दोन आरोपी असले की एक जण हात धरून ठेवतोच. कदाचित या बाईने खरोखर तसेच सांगितले असेल. पण साचा इतका घट्ट आहे की त्यातून बाईचा आवाज वेगळा काढणे माझ्यासारख्या मुरलेल्या वाचकालाही जमत नाही. फिर्याद हा स्वतंत्र ठोस पुरावा नसतो, साक्षीला आधार देण्यापुरता किंवा तिच्यातली विसंगती दाखवण्यापुरताच तिचा उपयोग. आणि साक्षीत शब्द होते फक्त ‘त्यांनी धरले’. कोणाला धरले? बाईला धरून ठेवले, की चवताळलेल्या भावाला आवरायला धरले? सरकारी वकिलांनी विचारले नाही आणि बचावाच्या वकिलांनीही विचारले नाही. दोघेही मराठी भाषक, दोघांनाही आपापल्या सोयीचे कर्म त्या वाक्यात आपोआप ऐकू आले असणार. एका प्रश्नाचे काम होते, आणि तो न विचारल्याबद्दल दोन्ही बाजूंवर माझा राग आहे.

मराठी वाक्याला कर्म गाळून चालते. ‘घेतलं का?’, ‘दिलं’, ‘ठेवलंय’ असे आपण दिवसभर बोलतो, कारण समोरच्याला काय ते ठाऊक असते. माणसे एकमेकांना ओळखत असतात तिथे भाषा पुष्कळ गोष्टी न बोलता सोडते, आणि परक्यांशी बोलणाऱ्या समाजात सगळे सुटे करून सांगावे लागते, असा एक विचार भाषाविज्ञानात बराच काळ मांडला गेला आहे. २०१० साली लुप्यान आणि डेल या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक भाषांची तुलना करून दाखवले की बोलणाऱ्यांची संख्या मोठी आणि परक्यांचा वावर जास्त, तिथे शब्दांना लागणारे प्रत्यय कमी होत जातात. लहान, आपसातल्या समूहांत ते गुंतागुंतीचे राहतात. २०२३ साली १,३१४ भाषांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने मात्र हा संबंध नाकारला. मी पुण्यात भाषाविज्ञान शिकत होते तेव्हा अशा वादांत मला परीक्षेपुरता रस होता. आता चाळीतल्या शेजारणीचे बोलणे उच्च न्यायालयापर्यंत पोचवताना तोच वाद माझ्या बोटांखाली येतो.

त्या शेजारणीकडे येते. बाडात एक पेन ड्राइव्ह होता. समोरच्या खोलीत राहणाऱ्या एका वृद्ध बाईने त्या रात्री आपल्या मुलीला फोन केला होता. मुलीच्या फोनमध्ये प्रत्येक संभाषण आपोआप ध्वनिमुद्रित होत असे, म्हणून ते तपासात मिळाले; सोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारे प्रमाणपत्र होते आणि पोलिसांनी केलेले लेखी रूपांतरही होते. त्या रूपांतरात एक ओळ अशी होती: ‘थोरल्याने धरले व त्यांनी डोक्यात घातले.’ आधीच्या भाषांतरकाराने ध्वनिफीत ऐकण्याची तसदी घेतली नव्हती, रूपांतरावरूनच इंग्रजी केले होते आणि पुन्हा ‘दे’ लिहिले होते. बाईच्या साक्षीत ‘दे’, फितीत ‘दे’, त्यामुळे दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना दुजोरा देत आहेत असे चित्र कागदावर उभे राहिले होते.

मी कानाला हेडफोन लावून ती फीत ऐकली. अडतीस सेकंद. मागे कोणीतरी रडत होते, कुकरची शिट्टी होत होती आणि म्हातारी धापा टाकत बोलत होती. नवव्या सेकंदाला ती म्हणाली, ‘थोरल्यान धरलान, नि त्यान घातलान डोक्यात.’ मी ते ऐकले आणि हेडफोन काढून ठेवला, कारण ही माझ्या आजीची बोली होती. म्हातारी संगमेश्वरकडची होती, माझे आजोळ चिपळूणजवळचे. ‘त्यान’ म्हणजे ‘त्याने’. पोलीस ठाण्यात फीत ऐकणाऱ्याने ‘त्यान’चे ‘त्यांनी’ केले, कारण त्याच्या बोलीत ‘त्यान’ असे रूप नसावे आणि कानाला जवळचे जे सापडले ते त्याने लिहिले.

नुसत्या ‘त्यान’वर मी विसंबले नसते, कारण धापा टाकत बोललेल्या शब्दातला अनुस्वार कोण शपथेवर सांगणार? पण क्रियापद साक्षीला उभे होते. प्रमाण मराठीत ‘तू केलंस’, ‘तुम्ही केलंत’ असे म्हणताना आपण क्रियापदाच्या शेवटी कर्त्याची खूण लावतो. तृतीय पुरुषात मात्र ‘त्याने केलं’ आणि ‘त्यांनी केलं’ यांत क्रियापद सारखेच राहते. कोकणातल्या पुष्कळ बोलींनी ही खूण तृतीय पुरुषातही ठेवली आहे: एकाने केले तर ‘केलान’, अनेकांनी केले तर ‘केलानी’. म्हातारी ‘घातलान’ म्हणाली होती आणि ते ‘न’ फितीत स्वच्छ ऐकू येत होते. मी ते वीस वेळा ऐकले. ती वयाने मोठी, तिच्यापुढे तो नवरा म्हणजे समोरच्या खोलीतला पोरगा. त्याला बहुवचन देण्याचे तिला काही कारण नव्हते. सुनेला नात्यामुळे जे सांगता येत नव्हते ते म्हातारीला वयामुळे सांगता आले, आणि तिच्या बोलीतल्या एका व्यंजनाने मारणारा एकच होता हे दाखवून दिले. माझ्या सतरा वर्षांत व्याकरणाचा इतका रोख उपयोग मी पाहिला नव्हता आणि त्या दुपारी मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

फितीत आणखी एक शब्द होता. पुढे म्हातारी म्हणते, ‘पैशांवरनं म्हने.’ रूपांतरात ‘पैशांवरून भांडण झाले’ एवढेच होते, ‘म्हणे’ गळाले होते. हा छोटा शब्द सांगतो की मी हे पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. तुर्की भाषेत हेच काम क्रियापदाला लागणारा ‘मिश’ हा प्रत्यय करतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या केचुआच्या अनेक बोलींत स्वतः जाणलेल्या गोष्टीला ‘मि’ आणि ऐकीव गोष्टीला ‘सि’ असे वेगळे प्रत्यय लागतात. आपल्या पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ६० चे सांगणेही हेच होते की पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच दिली पाहिजे. म्हातारीने कायद्याला हवा तो भेद एका शब्दात स्वतःहून करून दिला होता आणि लिहिणाऱ्याने तो फालतू समजून काढून टाकला होता.

तिच्या न्यायालयातल्या साक्षीत ‘आपण’ होते. घटनेनंतर थोरला आपल्याला काय म्हणाला, ते तिने सांगितले होते: ‘आपण हिला दवाखान्यात नेऊ.’ आधीच्या भाषांतरात ‘वी’ होते, आणि त्यातून दोघे भाऊ बाईला कुठेतरी नेण्याचा बेत करत होते असेही वाचता येत होते. दोघा भावांचा बेत थोरला म्हातारीला सांगत असता तर तो ‘आम्ही नेतो’ म्हणाला असता. ‘आपण’ म्हणजे त्याने म्हातारीलाही त्यात धरले, तिची मदत मागितली. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला हा भेद अनेक द्राविडी भाषांतही आहे, प्रमाण हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. तो शेजारातून कसा शिरतो याचे उदाहरण आपल्याच सांगलीजवळच्या कुपवाडचे आहे. गंपर्झ आणि विल्सन यांनी तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक समाजाने घरात आपली भाषा टिकवली होती, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या रोजच्या व्यवहारात वाक्यांची घडण इतकी सारखी झाली होती की कुपवाडच्या उर्दूतही हा ‘आपण’चा भेद आला होता. मी तळटीपेत ‘ऐकणाऱ्यासह आपण’ असे लिहिले आणि त्या तळटीपेबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही.

किंतु आहे तो ‘धरलान’बद्दल. थोरल्याने धरले, एकट्याने धरले, इथपर्यंत बोलीने सांगितले. कोणाला, ते म्हातारीनेही सांगितले नाही. पण कोकणात माझ्या कानांवर ‘तिला धरलीन’, ‘तिला बघितलीन’ अशी रूपेही पडलेली होती, ज्यांत ‘ला’ लागलेल्या कर्माप्रमाणेही क्रियापद फिरते. म्हातारी तशी बोलत असेल तर बाईला धरल्यावर ती ‘धरलीन’ म्हणाली असती, आणि ‘धरलान’ म्हणजे त्याला, भावाला धरले. तसे असेल तर हा माणूस आवरायला गेला होता आणि मदतीसाठी म्हातारीला ‘आपण नेऊ’ म्हणाला होता. सगळे जुळत होते. इतके छान जुळत होते की मला स्वतःचीच भीती वाटली, कारण काम देणारे वकील त्याचेच होते.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. प्रकरणाबद्दल काही न सांगता विचारले, “आई, एखाद्या बाईला कोणी धरून ठेवलं तर तू काय म्हणशील? तिला धरलान की तिला धरलीन?”

आई क्षणभर थांबून म्हणाली, “धरलीन गो. तुझी आजी तर धरलीनच म्हणायची.” मग जरा वेळाने, “पण तू असं मुद्दाम विचारलंस की काय सांगणार? बोलताना कोण बघतं?”

दुसऱ्या दिवशी मी भाषांतर पुरे केले. साक्षीतल्या ‘त्यांनी धरले’ला इंग्रजीत काय करावे यावर माझे दोन तास गेले. कर्म घातले तर मी साक्ष देते, न घातले तर इंग्रजी वाक्य लंगडते. शेवटी ‘कॉट होल्ड’ इतकेच लिहून थांबले, जे कर्माशिवाय कसेबसे उभे राहते, आणि ज्या दोन वाक्यांत ‘त्यांनी’ होते तिथे मूळ शब्द इंग्रजी लिपीत ठेवून खाली टीप दिली की हे रूप एका व्यक्तीसाठी आदराने किंवा अनेकांसाठी असे दोन्ही प्रकारे वापरले जाते. फितीसाठी स्वतंत्र दोन पानी टिपण जोडले. त्यात ‘घातलान’चे एकवचन ठामपणे मांडले आणि ‘धरलान’पुढे लिहिले की पुरुषाला धरल्याचा अर्थ अधिक संभवतो.

वकिलांच्या कार्यालयातल्या तरुण सहायकाचा फोन आला. तो हुशार मुलगा आहे, पण मराठी आपल्याला येतेच असे समजणाऱ्या पिढीतला आणि इंग्रजी शाळेतला. “मॅडम, कॉट होल्ड ऑफ हूम? एवढं वाक्य पूर्ण करून द्या ना. आणि या टिपा पेपर बुकमध्ये कशा जाणार? भाषांतरकाराने मत द्यायचं नसतं.” मी त्याला सांगितले की वाक्य मुळातच पूर्ण नाही, आणि टीप काढून टाकली तर माझी सही त्यावर राहणार नाही. ‘धरलान’वरचे वाक्य मात्र त्याला फार आवडले होते. ते तेवढे प्रतिज्ञापत्रात घ्यावे का, असे सर विचारत आहेत, असे तो म्हणाला. मी विचार करून सांगते म्हटले.

त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी आईचा फोन आला, नेहमीसारखा, पावसाची आणि गुडघ्यांची चौकशी करायला. ठेवता ठेवता म्हणाली, “अगो, तू ते विचारलं होतंस ना? काल शेजारची सुमन वाट विचारायला आली होती, तुझ्या मामाने तिला सांगितलं. मी नंतर कोणालातरी सांगत होते, आणि तोंडातून आलं, तिला थांबवलान नि वाट दाखवलीन. मग म्हटलं, अरेच्चा, थांबवलीन नाही म्हटलं मी.”

वाटेमुळे ‘दाखवलीन’, ते ठीकच होते. पण बाईला ‘थांबवलान’. माझ्या आईच्या, एकाच वाक्यात.

मी टिपण पुन्हा उघडले. ‘घातलान’चा परिच्छेद होता तसाच ठेवला. ‘धरलान’पुढचे वाक्य काढून तिथे लिहिले की या रूपावरून धरलेली व्यक्ती पुरुष होती की स्त्री हे निश्चित सांगता येत नाही, त्याच बोलीच्या घरातही दोन्ही रूपे ऐकू येतात. ती म्हातारी आता हयात नाही, तिला विचारण्याची वाट बंद झाली आहे. सुधारलेले टिपण मी त्याच रात्री पाठवले आणि आधीची प्रत कृपया वापरू नये असे वर ठळक लिहिले. अपील अजून सुनावणीला आलेले नाही. कोणते टिपण बाडात लागले आहे हे मी सहायकाला दोनदा विचारले. ‘बघून सांगतो’ म्हणाला आहे.